दवाखान्याचे दार

नवऱ्याचा मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाते, असे आपण धरून चालतो. कायदे त्याच समजुतीवर उभे आहेत, बातम्या तिथून सुरू होतात आणि मदतीच्या योजनांचे फलकही तिथेच लागतात. प्रत्यक्षात बहुतेक बायका तिथवर पोचतच नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याच्या हातून हिंसा सोसल्याचे सांगितले. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण २१.३ टक्के होते. मला मात्र त्याच सर्वेक्षणातला देशपातळीवरचा दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाजवळ तोंड उघडले. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के, आणि त्यातही बहुतेक जणी आधी आपल्याच माणसांकडे गेल्या. पोलीस, वकील, संस्था यांच्याकडे जाणाऱ्या फारच थोड्या. मात्र याच गप्प राहिलेल्या बायका एका दारात येत राहतात. हात मोडला, भाजले, फवारणीचे औषध पोटात गेले, दिवस राहिले, अंगावरून जाते, झोप लागत नाही, पोराचा ताप उतरत नाही, अशा कारणांनी त्या दवाखान्यात येतात. तिथे जायला घरातून परवानगी मिळते आणि गावात बोभाटा होत नाही. म्हणून हिंसा सोसणाऱ्या बायकांना आणि मुलांना आधार देणाऱ्या सेवेचे मुख्य ठाणे दवाखाना असावे, आणि महाराष्ट्रात ही गोष्ट करून दाखवायला वर्ध्याइतका सोयीचा जिल्हा क्वचितच सापडेल, असे माझे ठाम मत आहे.

वर्ध्याचे नाव घेण्यामागे गांधीजींचे पुण्यस्मरण हे कारण नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास. एवढ्याशा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, एक सेवाग्रामला आणि दुसरे सावंगी मेघेला. शिवाय वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालये, आणि त्याखाली ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय कस्तुरबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने डॉ. सुशीला नायर यांनी उभे केले. सुरुवातीला ते स्त्रिया आणि मुलांसाठीच होते. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच आवारात महात्मा गांधी वैद्यकीय संस्था निघाली. स्त्रिया आणि मुले हा या परिसराचा पहिला रुग्णवर्ग आहे. त्यांच्या दुखण्यामागे अनेकदा कुणाचा तरी हात असतो, हे मान्य करून कामाची घडी बसवणे एवढेच बाकी आहे.

दवाखान्याकडे बोट दाखवताना दवाखान्याने काय केले आहे ते आधी पाहायला हवे, कारण तो इतिहास चांगला नाही. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईची तपासणी या देशात वर्षानुवर्षे कशी होत होती, याचा पंचनामा सेवाग्रामच्याच न्यायवैद्यकशास्त्र विभागातल्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये एका सविस्तर अहवालात मांडला. त्या आधारावर डॉ. रंजना पारधी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. तपासणीचा एकसारखा नमुना नाही, डॉक्टरांना प्रशिक्षण नाही, पुरावा गोळा करण्याची रीत धड नाही, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दोन बोटांची चाचणी. त्या चाचणीतून बाई 'संभोगाला सरावलेली' आहे की नाही याचा शेरा कागदावर यायचा आणि तो शेरा कोर्टात तिच्याच विरुद्ध वापरला जायचा. २०१३ मध्ये महाराष्ट्र सरकारने तपासणीची नवी नियमावली काढली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी बाईच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला घालणारी ठरवली, आणि २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली. तरीही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेच पुन्हा बजावून सांगावे लागले. पुढे २०२४ च्या ऑगस्टअखेर वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत कौमार्य आणि योनिपटलाच्या महत्त्वाचे धडे परत आले. टीका झाल्यावर काही दिवसांत ती तत्त्वे मागे घेतली गेली. या सगळ्यातून मी दोन गोष्टी घेते. एक, दवाखाना स्वतःच बाईला दुसऱ्यांदा जखमी करू शकतो. दोन, तिथली रीत बदलता येते, आणि ती बदलण्याची सुरुवात एखाद्या खेड्यालगतच्या रुग्णालयातल्या एका विभागातून होऊ शकते. सेवाग्रामने हे करून दाखवले आहे.

आता रोजच्या ओपीडीत काय घडते ते जवळून पाहू. बाई येते, सोबत सासू किंवा नवरा. मनगटाच्या वरचे हाड मोडलेले. केसपेपरवर लिहिले जाते, 'घरी पडल्यामुळे'. हे सांगतो सोबतचा माणूस, आणि तेच लिहून घेतले जाते, कारण मागे ४० जणांची रांग उभी आहे. खरे तर पडणारे माणूस हात टेकते, त्यामुळे तळवे, गुडघे, कपाळ खरचटते. मार चुकवायला हात वर करणाऱ्या बाईच्या हाताची करंगळीकडची बाजू फुटते. चेहरा, मान, दंडाची आतली बाजू काळीनिळी होते. जुन्या आणि नव्या जखमा एकाच अंगावर दिसतात. न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात हे सगळे असते, पण ते पुस्तक कोर्टाच्या साक्षीसाठी वाचायचे आणि ओपीडीत विसरायचे अशी आपली पद्धत. विष घेतलेल्या बाईचे तेच. कपाशी-सोयाबीनच्या या पट्ट्यात फवारणीचे औषध हाताशी असते. कॅज्युअल्टीत पोट धुतले जाते, सलाइन लागते, पोलीस जबाब घेऊन जातात, 'पोटदुखीला कंटाळून' असे काहीतरी नोंदले जाते आणि चार-सहा दिवसांनी बाई त्याच घरी परत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आहे आणि तिची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. तो ताण कुठून आला हे विचारायला वॉर्डात कुणाची नेमणूक आहे का, एवढे तपासले तरी पुरे.

विचारायचे म्हणजे काय करायचे? सोबतच्या माणसाला औषध आणायला किंवा कागद काढायला बाहेर पाठवायचे. पडद्याआड, हलक्या आवाजात सिस्टरने म्हणायचे, 'ताई, अशा जखमा बऱ्याचदा कुणीतरी मारल्याने होतात. तुमच्या घरी असं काही होतं का?' ती 'नाही' म्हणाली तर खोदून विचारायचे नाही. पुढच्या ड्रेसिंगला या, मी असते, एवढे सांगायचे. 'हो' म्हणाली तर आज घरी जाणे धोक्याचे आहे का, मुले कुठे आहेत, रात्री बाहेर पडावे लागले तर कुणाकडे जाल, हे बोलून घ्यायचे. या संभाषणाला पाच-सात मिनिटे लागतात. डॉक्टरांना वेळ नाही हा आक्षेप इथेच येतो, आणि तो खोटा नाही. पण हे काम एकट्या डॉक्टरने करावे असे कुणीच म्हणत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केले ते याच विचाराने. ओपीडीतल्या परिचारिका आणि डॉक्टरांनी ओळखायचे, आणि त्याच इमारतीतल्या प्रशिक्षित समुपदेशकाकडे पाठवायचे. केंद्र रुग्णालयाच्या आतच असल्याने बाईला वेगळी वाट वाकडी करावी लागत नाही. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रे निघाली. वांद्र्याच्या गर्दीत जे जमले ते हिंगणघाटला जमणार नाही, असे समजायचे काही कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की नवे काही कशाला, आहे तेच पुष्कळ आहे. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असते. नागपूरला २०१७ मध्ये सुरू झालेला पोलिसांचा भरोसा सेल राज्यभर पसरला. संरक्षण अधिकारी आहेत, बालकल्याण समिती आहे, १८१ आणि १०९८ हे क्रमांक आहेत. हे खरे, आणि यातले काहीही बंद व्हावे असे मी म्हणणार नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष तर महाराष्ट्राने देशाला दिलेला धडा आहे. पोलिसांच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती बाईच्या बाजूने उभी राहते तेव्हा ठाण्याचा सूरच बदलतो, हे त्या कक्षाने दाखवले. अडचण अंतराची आहे. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून, बसभाड्याचे पैसे मागून, 'कुठे चालली' या प्रश्नाला उत्तर देऊन यायचे. तेवढे धाडस तिच्यात असते तर ती त्या ७७ टक्क्यांत राहिलीच नसती. जिल्ह्याची केंद्रे म्हणजे दुसरी पायरी. पहिली पायरी तिच्या गावाजवळ, तिला आधीच माहीत असलेल्या ठिकाणी हवी.

ती पायरी बांधायची तर आशा ताईपासून सुरुवात करावी लागेल, आणि तिच्यावर काय लादायचे नाही हेही ठरवावे लागेल. ती त्याच गावात, कधी त्याच गल्लीत राहते. मारणाऱ्याचा भाऊ ग्रामपंचायतीत असतो, सासू तिच्याच बचत गटात. तिने तक्रार लिहावी, साक्ष द्यावी ही अपेक्षा म्हणजे तिला एकटीला पुढे ढकलणे. तिच्याकडून दोनच गोष्टी मागाव्यात. लक्षात ठेवणे, आणि तब्येतीचे निमित्त करून बाईला दवाखान्यापर्यंत नेणे. रक्त तपासायचे आहे, बीपी बघायचा आहे, पोराला दाखवायचे आहे, यातले कोणतेही कारण तिच्या तोंडी शोभते. या फेरीचा तिला मोबदला मिळावा आणि नाव बाहेर फुटू नये, एवढी हमी तालुका आरोग्य अधिकाऱ्याने घ्यावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दवाखान्यात खरे सांगितले की पोलिसांत जाते, म्हणून बायका आणि विशेषतः अल्पवयीन मुली तिथेही येणार नाहीत, असे काही जाणते डॉक्टरच म्हणतात. प्रौढ बाईच्या बाबतीत यावर तोडगा निघालेला आहे. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तपासणीला किंवा पोलिसांत जायला ती नकार देऊ शकते. तो नकार नोंदवायचा आणि उपचार मात्र पूर्ण द्यायचे. बलात्कार किंवा ॲसिडहल्ला सोसलेल्या बाईला मोफत प्रथमोपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाला शिक्षेची तरतूद आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही वैद्यकीय मदत नाकारता येत नाही, कागद आधी आणा म्हणता येत नाही. मुलांचे तसे नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मूल स्वतःला वाचवू शकत नाही, म्हणून ही सक्ती असावी असे मला वाटते. पण तिची दुसरी बाजू भयंकर असू शकते. जानेवारी २०२२ मध्ये आर्वीत एका अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताचे प्रकरण उघडकीला आले आणि त्या तपासात खासगी रुग्णालयाच्या आवारात अर्भकांच्या कवट्या आणि हाडे सापडली. कायदेशीर दार अडवलेले वाटले की माणसे कोणत्या दाराने जातात, हे त्या आवारात दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या संदर्भात म्हटले की, संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी उपचाराला आली तर डॉक्टरांनी कळवावे, पण तिने आणि पालकांनी सांगितल्यास तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल किती प्रसूतिगृहांच्या भिंतीवर मराठीत लावलेला आहे? भीतीला उत्तर द्यायचे तर ते असे, दारातच वाचता येईल असे द्यायला हवे.

आणि मुलाला पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावणे थांबवायला हवे. आईला सांगितले, शिक्षिकेला सांगितले, ठाण्यात सांगितले, डॉक्टरला सांगितले, समितीपुढे सांगितले, न्यायाधीशांपुढे सांगितले. दर वेळी ऐकणारा नवा. २०२० च्या पॉक्सो नियमांत बालकल्याण समितीने मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. तपासापासून खटल्यापर्यंत एकच ओळखीचा माणूस सोबत राहावा हा तिचा हेतू. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक ऐच्छिक न ठेवता सक्तीची करायला सांगितले. ही व्यक्ती पहिल्या दिवशी, तपासणीच्या खोलीतच भेटली पाहिजे. दोन महिन्यांनी फोनवर भेटणाऱ्या साहाय्यकाचा मुलाला उपयोग नाही.

वर्ध्यात या विषयावर बोलताना दारू टाळता येत नाही. १९७४ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि गावागावांतल्या बायकांनी हातभट्ट्या फोडण्यापासून ठाण्यावर मोर्चे नेण्यापर्यंत सगळे केले आहे. दारू सुटली की मार सुटेल, म्हणून सगळे बळ तिकडेच लावा, असा युक्तिवाद त्यातून येतो. या बायकांच्या लढ्याबद्दल मला अतोनात आदर आहे. दारूने मार वाढतो, पैसा संपतो, पोरे भेदरतात, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? पण दारूबंदीला पन्नास वर्षे उलटूनही मार खाल्लेल्या बायका येतच आहेत. नवरा प्यायलेला असतो तेव्हा तो चौकातल्या पोलिसावर हात टाकत नाही, घरी येऊन बायकोवर टाकतो. हात कुणावर टाकायचा हे त्याला पिण्याआधीपासून ठाऊक असते. अवैध दारूविरुद्धची मोहीम चालू राहिलीच पाहिजे, आणि त्या मोहिमेतल्या बायकांनाच दवाखान्यातल्या कक्षाच्या देखरेख समितीवर घ्यावे. गावात कुणाच्या घरी काय चालते हे त्यांना आधीच माहीत असते.

शिक्षेवर भिस्त ठेवणाऱ्यांना हिंगणघाट आठवत असेल. ३ फेब्रुवारी २०२० ला भर चौकात एका तरुण प्राध्यापिकेला तिच्याच गावच्या माणसाने पेट्रोल टाकून पेटवले. १० फेब्रुवारीला नागपुरात तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. त्या संतापातून कडक शिक्षांच्या शक्ती विधेयकाला जोर आला. ते डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. जन्मठेप योग्यच होती. पण मारणाऱ्याला काय शिक्षा द्यायची यावर आपण जेवढे बोललो, त्याच्या दहाव्या हिश्शानेही आधी काय करता आले असते यावर बोललो नाही. पाठलागाने धास्तावलेली मुलगी जिथे जाऊन नाव न बिघडता बोलू शकेल, अशी जागा तिच्या गावात किंवा कॉलेजात आहे का, हा प्रश्न विधेयकाच्या चर्चेत हरवला.

'तुम्ही घरे मोडता' हा आक्षेप मी लवकर निकालात काढते. समेट करायचा की नाही हे बाईने ठरवायचे, समुपदेशकाने नाही आणि तंटामुक्ती समितीनेही नाही. 'समजूत काढून नांदायला पाठवली' हे यश म्हणून मोजणारा कक्ष बंद केलेला बरा.

खरी कसोटी लागते ती रात्री. बाई निघाली, मुले सोबत आहेत, जायचे कुठे? सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. पण सुरुवातीच्या नियमावलीत आईसोबत राहता येणाऱ्या मुलाचे वय आठ वर्षांपर्यंतच धरले होते. मुलीला वयाची अट नव्हती. ही मर्यादा कितीही वर नेली तरी १३-१४ वर्षांच्या मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच. आईने त्याला मारकुट्या बापाजवळ ठेवून जायचे, की त्याच्यासाठी परत फिरायचे? बहुतेक आया परत फिरतात. हाच मुलगा कधी आईच्या अंगावर आडवा पडून मार झेलतो आणि कधी बापासारखाच हात उगारायला शिकतो. दोन्ही वेळा त्याला आधार हवा असतो आणि नियमावलीत त्याला जागा नसते. रुग्णालयात मात्र आईला दाखल करून घेता येते, मुलाला सोबती म्हणून खाटेजवळ थांबू देता येते, आणि पुढची सोय लागेपर्यंत डिस्चार्ज पुढे ढकलता येतो. काही समजूतदार सिस्टर आजही हे गुपचूप करत असतील. ते गुपचूप करावे लागू नये.

याला पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर आधारलेली आरोग्य विमा योजना चालवली होती. सुगीनंतर प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, भूमिहीनाने कमी आणि जमीनवाल्याने जास्त, आणि त्या बदल्यात गावाला कस्तुरबा रुग्णालयात उपचारांची सवलत. गावाने आपले आजारपण सगळ्यांचे मानले म्हणून ती चालली. बायकोच्या अंगावरची जखम ही त्या घराची खासगी बाब मानली जाते, म्हणून तिच्यासाठी कुणी पायली काढून ठेवत नाही. ग्रामपंचायतीकडे महिला व बालकांसाठी निधी येतो, ग्राम आरोग्य समितीकडे थोडा मोकळा पैसा असतो. त्यातून सुरुवातीला फार काही नको. रात्री रुग्णालयापर्यंत ऑटोचे भाडे, दोन दिवसांचे जेवण, मुलांच्या वह्या, आणि आठही तालुक्यांत ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळीला एक प्रशिक्षित बाई, जिचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. कंत्राट संपले म्हणून समुपदेशक बदलली की आधीच्या पाच बायकांना पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागते, आणि त्यातल्या तीन-चार परत येत नाहीत. येत्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत रस्ते आणि सभामंडपांच्या शेजारी या आठ पगारांची ओळ असावी, आणि ती ओळ कुणी मांडली, कुणी खोडली, हे नावानिशी गावात कळावे.